हेल्मेटमधली संत्री

दबलेली संत्री माझ्या बहिणीला चालत नाहीत. म्हणून मोर्शीहून अमरावतीला तिच्याकडे निघताना मी ती हेल्मेटात भरून स्कूटरला अडकवली, आणि वाटेत घसरून स्वतः डोक्यावर आपटलो. लोकांनी मला संत्र्यांसकट दवाखान्यात पोचवलं.

एमआरआय झाल्यावर एक मॅडम आल्या. मूळच्या अकोल्याच्या, मेंदूभोवतीच्या पाण्यावर संशोधन करणाऱ्या. बोलताना त्या माझ्या डोळ्यांत नाही, कपाळाच्या वर बघत होत्या, जणू आतलं सगळं दिसतंय.

"काका, हेल्मेट काहून नव्हतं घातलं?"

मी खरं ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत. माझंच एक संत्रं त्यांनी पाणी भरलेल्या डब्यात टाकलं, झाकण लावलं आणि डबा हलवला.

"मेंदू असाच पान्यात तरंगते. लहानसहान धक्का पानी झेलते. पन तुमी त डबाच सडकेवर आपटला!"

"मले काही झालं त नाही ना?"

"सूज हाय थोडी. दोन दिवस इथंच राहा."

मग त्यांनी हेल्मेटातलं एकेक संत्रं अंगठ्यानं दाबून, फिरवून नीट तपासलं.

"एकालेबी मार नाई लागला," त्या म्हणाल्या. "हेल्मेट लय भारी हाय काका तुमचं."