गुण्या उलटा धरून

बेंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी तपासणी विभागात लागले, तेव्हा डिप्लोमा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. नागपूरहून एकटीच आले होते. विभाग म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि मी. शेजारच्या टेबलावर पन्नाशीचे एक फिटर बसत. कुठे कापायचं, कुठे भोक पाडायचं, याच्या रेघा लोखंडावर मारून देणं हे त्यांचं काम. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरातलंच. घरात मराठी, बाहेर सगळं कन्नड. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले.

तिसऱ्या महिन्यात गिऱ्हाइकाकडून चाळीस ब्रॅकेट परत आले. इंग्रजी एल अक्षरासारख्या त्या तुकड्याच्या दोन बाजूंत काटकोन हवा होता, तो नव्हता. प्रत्येकाला मी स्वतः काटकोन तपासायचा पोलादी गुण्या लावला होता. कुठेही फटीतून उजेड दिसला नव्हता.

"तपासले होते ना?" मालकांनी विचारलं.

"एकूण एक."

ते खरंच होतं. मालक ऑफिसात निघून गेले आणि मी पुन्हा तोच गुण्या घेऊन बसले. सगळे ब्रॅकेट पुन्हा पास होत होते.

अण्णा उठून आले. "मूलेमट्ट द्या बघू." गुण्याला ते कन्नड शब्दच वापरत. त्यांनी सरळ कडेचा एक पत्रा घेतला, त्यावर निळी शाई फासली. गुण्याची जाड बाजू पत्र्याच्या कडेला टेकवली आणि दुसऱ्या बाजूच्या आधाराने अणकुचीदार सळईने एक रेघ ओढली. मग गुण्या उलटा केला, त्याच बिंदूपाशी लावला आणि दुसरी रेघ ओढली.

दोन्ही रेघा एकाच जागेवरून निघाल्या होत्या, पण वर जाता जाता फाकल्या होत्या. फार नाही, केसाएवढ्या.

"स्वल्प सरकलाय," ते म्हणाले. "दोन्हीकडची मिळून दिसतेय, खरी चूक त्याच्या निम्मी."

मी त्या रेघांकडे पाहत राहिले. एका रेषेवर दुसरी रेषा उभी राहून लगतचे दोन्ही कोन सारखे झाले, तर त्यातला प्रत्येक कोन काटकोन. शाळेत ही व्याख्या मी कितीदा लिहिली असेल, दरवेळी पूर्ण गुण मिळाले होते. डावीकडचा आणि उजवीकडचा कोन सारखा आहे का, हे गुण्या उलटवून बघता येतं, हे मात्र कधी सुचलं नव्हतं. माझ्या लेखी काटकोन म्हणजे नव्वद अंश आणि नव्वद अंश म्हणजे कंपासपेटीतला कोनमापक.

"पण मशीनवर सेटिंग कशाने केलं होतं?" अण्णांनी विचारलं.

तेव्हा लक्षात आलं. मशीनवाल्याने सेटिंगला माझाच गुण्या नेला होता. चुकीच्या गुण्याने तुकडे बनले आणि त्याच गुण्याने मी ते तपासले.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती. ते ब्रॅकेट बनायच्या आदल्या आठवड्यात तो गुण्या माझ्या हातून फरशीवर पडला होता. पुसून पाहिला, कुठे खरचटलं नव्हतं, म्हणून परत पेटीत ठेवला. कोणाला सांगितलं नाही. आता अण्णांना सांगितलं.

"मालकांना सांगा," एवढंच ते म्हणाले.

मी सांगितलं. मालक चिडले, पण आवाज चढवला नाही. बरेचसे ब्रॅकेट घासून सुधारता आले, सात भंगारात गेले. नवा गुण्या आला. दर सोमवारी मी तो उलटा धरून दोन रेघा मारायचे, तेही कोणी न सांगता.

पुढे एकदा जेवणाच्या सुट्टीत मी अण्णांना विचारलं, "पण पत्र्याची कड सरळ आहे, हे कशावरून?"

"पट्टी लावून रेघ मारायची. मग पट्टी उलटवून त्याच दोन बिंदूंतून परत मारायची. मध्ये फट राहिली, तर पट्टी वाकडी. नाही राहिली, तर तीच पट्टी कडेला लावून बघायची."

दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. हेही माझ्या वहीत होतं.

मग त्यांनी उलट विचारलं, "बिंदूला तुमच्या पुस्तकात काय म्हणतात?"

"बिंदूच. त्याला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही."

"मग भोकाच्या खुणेचा पंच कुठे मारायचा?" ते गंभीरपणे म्हणाले. मग त्यांनीच सांगितलं, "दोन रेघा बारीक काढायच्या. त्या एकमेकींना छेदतात, तिथे. जमेल तेवढं." त्यांनी हा प्रश्न स्वतःपुरता कधीच सोडवला होता.

दोन वर्षांनी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरच्या एका डिझाइन ऑफिसात गेले. तिथे संगणकावर दोन रेषा निवडून बटण दाबलं की त्यांच्यामध्ये काटकोनाची छोटी खूण उमटते. ती तपासावी लागत नाही. कारखाना सोडायच्या दिवशी अण्णांना भेटले, तेव्हा ते एका जाड प्लेटवर वाकले होते. "सरी अक्का, बरं झालं," म्हणाले, आणि प्लेटचं दुसरं टोक धरायला सांगितलं. रेघ पूर्ण होईपर्यंत मी धरून उभी राहिले. मग बस पकडली.