तानूबाईचं जेवण होईपर्यंत

आधीच सांगते, भुताखेतांवर आणि साक्षात्कारांवर माझा काडीचाही विश्वास नाही. शेजारच्या सुनेच्या अंगात आलं तर मी पहिल्यांदा विचारते — सकाळपासून खाल्लंयस का काही? शाळेत भूगोल शिकवते. तरीही हे लिहिते आहे, कारण ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं... आणि त्यानंतर आम्ही जे केलं ते अजून घशात अडकलं आहे.

बहात्तरच्या दुष्काळातला हिवाळा. जत-आटपाडीकडची माणसं सांगलीत येऊन पडली होती — एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या भिंतीलगत, पुलाखाली. आम्ही जैन, आमच्याकडे देवळाला बस्ती म्हणतात. आमच्या बस्तीतल्या बायकांनी या लोकांसाठी रोज संध्याकाळी भाकरी-आमटी सुरू केली. चंपाक्का प्रमुख. बाई भली, साठीच्या वयात दुपारभर चुलीपुढे बसून स्वतः भाकऱ्या थापायची. मागच्या दारी वाढण्याचं काम माझ्याकडे.

स्वयंपाकात कांदा-लसूण नाही, म्हणून पंगतीत रोज थट्टा.

"बाई, कांदा तेवढा द्या की फोडून."

"आमच्यात चालत नाही."

"आमच्यात चालतोय, पर घावत न्हाई!"

नियम एकच, पण कडक. सूर्य मावळला की चूल विझवायची, उरलेल्या भाकऱ्या गाईला. दिवस बुडल्यावर आपण खायचं नाही, दुसऱ्यालाही वाढायचं नाही.

तानूबाई जतकडची म्हातारी. लेक दवाखान्यात, ही बाहेर भिंतीलगत झोपायची. लेकीला संध्याकाळचं दूध भरवून निघायची आणि पोचेपर्यंत आमची चूल विझलेली असायची.

"जरा लवकर निघावं," मी म्हटलं.

"लेकीला उपाशी ठिवून निघू व्हय? पळतच येते वो. दिसच माज्याम्होरं पळतोय, त्येला मी काय करू?"

दोन दिवस तिला रिकाम्या हाती परत पाठवलं. मीच.

मग चंपाक्काला म्हटलं, "दिवस असतानाच दोन भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवू. आली की घेऊन जाईल."

"आणि खाईल कवा? रात्रीच न्हवं? ते पाप कुणाच्या माथी?"

विषय संपला.

तिसऱ्या दिवशी पंगत उठली. मी उरलेल्या भाकऱ्यांची बुट्टी आणि आमटीची बादली घेऊन मागच्या पायरीवर होते. तानूबाई आली. नदीकडच्या चिंचेवर सूर्य चांगला हातभर वर होता. म्हटलं, बरं झालं. तीन भाकऱ्या वाढल्या. ती सावकाश जेवली. ताटावर तिच्या हाताची सावली पडत होती, हे मला आजही स्पष्ट आठवतं. शेवटी ताट विसळून ते पाणीही प्यायली.

"आज लवकर आलात," मी म्हटलं.

"न्हाई वो, रोजच्यावानीच आले. आज त्योच थांबलाय."

तेवढ्यात मागून आवाज — "कुसुम! अंधारात कुणाला वाढतीस?"

वळून पाहिलं. आत दिवे लागलेले. चार बायका माझ्याकडे बघत उभ्या. आरती होऊन गेली होती. मला घंटा ऐकूच आली नव्हती. घड्याळात पावणेसात. पुन्हा पायरीकडे वळले तर काळोख. तानूबाई दवाखान्याकडे निघून गेली होती. तिचं ताट मी चाचपडून उचललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैठक बसली. घडलं ते सरळ सांगितलं. "हिला चष्मा लागलाय," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, नियम मोडलास आणि वर खोटं बोलतेस. चंपाक्काचे डोळे मात्र भरून आले.

"अगं, भगवंतानं आपला नियम राखला! खऱ्या भुकेल्यासाठी तो सूर्य थांबवतोय. मग आपण कशाला नियम मोडायचा?"

सगळ्यांनी हात जोडले. भाकऱ्या बांधून ठेवायचं मी पुन्हा काढलं, तर सगळ्याजणी म्हणाल्या, आता काय गरज?

त्या संध्याकाळी बुट्टीत पाच भाकऱ्या उरल्या. फडकं माझ्या खांद्यावरच होतं. दोन बांधून कोनाड्यात ठेवल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. पण मी नदीकडे बघत उभी राहिले... वाट बघत. मी, भूगोलाची बाई! सूर्य वेळेवर मावळला. भाकऱ्या गाईपुढे गेल्या.

तानूबाई धापा टाकत आली. माझ्याकडे पाहिलं, मग मावळतीकडे.

"आज न्हाई थांबला व्हय?"

एसटी चुकलेलं माणूस उभं राहतं तशी ती थोडा वेळ उभी राहिली, आणि गेली. पुन्हा आली नाही. आठवड्यानं दवाखान्यात चौकशी केली. लेकीच्या खाटेवर दुसरीच बाई होती. मायलेकी कुठे गेल्या, कुणालाच सांगता येईना.

त्या दिवशी काय झालं, हे मला आजही माहीत नाही. माझ्या डोळ्यांचा दोष म्हणावा, तर तानूबाईलाही तेच दिसलं. विज्ञानाच्या मास्तरांना विचारलं, ते हसले.

चंपाक्का अजून सगळ्यांना सांगते — "हिनं पाहिला बरं, थांबलेला सूर्य." मग कुणीतरी माझ्या पाया पडायला वाकतं, पुन्हा पुन्हा तेच विचारतं. दुसऱ्या दिवशी तानूबाई काय जेवली, हे अजून एकीनंही विचारलेलं नाही.