हौसेनं चुकणारा माणूस

आमच्या जिनिंगमधल्या फोरमनकाकांइतका हौसेनं चुकणारा माणूस नेरपासून केळापूरपर्यंत शोधून सापडायचा नाही. इतर साहेबांचं आयुष्य चुका झाकण्यात जातं. काका रोज एक चूक ठरवून करायचे. कधी मशीनचा पट्टा ढिला ठेवायचे, कधी ओला कापूस मुठीत दाबून "कोरडा हाय" म्हणायचे, आणि मग नव्या पोरापोरींकडे बघत थांबायचे. जो टोकेल त्याला पहिला चहा, तोही काका स्वतः ओतून देणार. एखाद्या जुन्यानं मध्येच तोंड घातलं की म्हणत, "तुमचं मले ठाऊक हाय. याले काय ठाऊक हाय, थे ऐकू द्या!" मी आयटीआय करून नवा लागलो तेव्हा महिनाभर मुकाच होतो. एकदा मशीनचा आवाज बदललेला मला कळला, पण बोललो नाही, आणि पट्टा तुटला. काका ओरडले नाहीत. शेजारी बसून म्हणाले, "तुले समजलं होतं ना? मंग काहून नाही बोलला? मी का वाघ हावो?" त्या दिवशी मी जो बोलायला लागलो तो अजून थांबलो नाही, असं बायको म्हणते.

मग एका सकाळी काकांनी एका गाडीतला कापूस मुठीत धरला आणि म्हणाले, "कोरडा हाय, टाका गंजीवर." ओलावा मोजायला पंधरा दिवसांपूर्वी लागलेली पोरगी म्हणाली, "नाही काका, ओला हाय." आम्ही नेहमीसारखे हसलो. काकांनी तिला चहा ओतून दिला, पण स्वतःचा कप उचलला नाही.

"हसू नका," ते म्हणाले. "आज मी मुद्दाम नोतो चुकलो. साखरेच्या बिमारीनं बोटं बधिर झाली, ओल समजतच नाही. हे पोरगी बोलली नसती त अख्खी गंजी आतून तापून खराब झाली असती. आजपासून कापूस हे पोरगीच पाहीन, मी नाही."

चाळीस वर्षांची ती मूठ त्यांनी भरल्या अंगणात, सगळ्यांसमोर सोडली. पुढच्या हंगामाआधी ते आर्णीला लेकीकडे राहायला गेले.

आता फोरमन मी आहे. रोजची चूक आणि पहिला चहा, दोन्ही मी चालू ठेवलंय. काल मात्र गाठी दाबायचं प्रेस लावताना खरंच चुकलो. नव्या पोरानं हटकलं, तर हसून म्हणालो, "पाहून राह्यलो होतो, ध्यान हाय का तुमचं!" सगळे हसले. माझा चहा तसाच निवला. काकांची फार आठवण आली. उद्या सकाळी पोरांना खरं सांगणार आहे, चहा ओतायच्या आधी.