तिघांपैकी कोणते आबा

"आदर क्रियापदात असतो, माणसात आहे की नाही ते शोधणं आपलं काम नाही," असं मास्तर एकदा म्हणाले होते.

मास्तर आमच्या छापखान्यात प्रूफं तपासायचे. त्यांचा कोणावरच विश्वास नव्हता. जेवायला उठतानाही तपासलेले कागद बगलेत. बायकोने दिलेली सामानाची यादी आधी दुरुस्त करून मगच बाजारात जातात, असं त्यांचा मेहुणाच सांगायचा. प्रत्येक पान तीनदा वाचत. तिसरं वाचन माझ्यामुळे, कारण मजकूर मी बसवायचो. "तू चुकतोस असं नाही रे. चुकशील."

शहरातल्या नामवंतांचा कोश निघाला. त्यात 'आबा' तीन: माजी नगराध्यक्ष, एक नट, आणि धुरातून चौघांना बाहेर ओढणारा अग्निशमन दलाचा कुत्रा. तिघेही एकाच पानावर. कच्च्या मजकुरात कुत्र्यालाही 'आले, गेले' लागलं होतं. मास्तरांनी समासात लिहिलं, 'आबा: एकवचन करा', आणि खाली कुत्र्याकडे बाण काढला.

नेमके तेव्हा त्यांचे डोळे आले होते. पाणी थांबेना. "तिसरं वाचन राहू दे. आज तुझ्यावर सोडतो."

मी बाण पाहिलाच नाही. एकवचन केलं, ते नगराध्यक्षांचं.

'आबा प्रत्येक उद्घाटनाला हजर असायचा आणि हार पडेपर्यंत हलायचा नाही.' खाली कुत्रा मात्र 'धुरात शिरले'.

कोश घरोघर गेला. नगराध्यक्षांचा मुलगा येऊन त्याची प्रत टेबलावर आपटून गेला. मॅनेजरांनी आम्हा दोघांना उभं केलं.

"कावा कोणाचा हा?"

"पान बघू," मास्तर म्हणाले.

"आता काय बघता? गावाने बघितलं. कुत्र्याला अहो-जाहो आणि आमच्या आबांना अरे-तुरे. चुकून होतं होय असं? दोघांपैकी एकाने उद्यापासून यायचं नाही. कोणी, ते तुम्हीच सांगा."

माझी मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती. मी फरशी बघत राहिलो.

मास्तरांनी फायलीतून जुनं प्रूफ काढलं. त्यांचं बोट समासातल्या अक्षरांवरून बाणावर उतरलं, बाणावरून कुत्र्यापाशी थांबलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चुकीच्या शब्दाकडे पाहत, तसं; बराच वेळ.

"म्हणजे याने?" मॅनेजरांनी विचारलं.

मास्तरांनी मान हलवली. नाही.

"मग तुम्ही?"

त्यांनी प्रूफाच्या चार घड्या घातल्या, मुठीत धरल्या, आणि ते दाराबाहेर पडले.