वीणेचा पहारा

जुन्नरमध्ये शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत मी गिटार शिकवतो. मुलांना सोडायला येणारे पालक जिन्यात चपला काढता काढता हमखास विचारतात, "सर, तुम्ही म्हणे मोठ्या बँडमध्ये होता. सोडलं कशाला?" एकाला मी मनगट दुखतं म्हणून सांगितलंय, एकाला पुण्याची हवा मानवली नाही म्हणून. एका भोचक गृहस्थाला तर तोंडावर म्हणालो, "कंटाळा आला, काय म्हणणं आहे?"  खरं उत्तर सांगायची लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर ते मला नीटसं ठाऊकही नाही. एका सकाळी मी आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात ठरल्यापेक्षा साडेतीन तास जास्त वीणा धरून उभा राहिलो. झालं ते एवढंच.

आमचा बँड हेवी मेटलचा, आणि ते म्हणजे काय, हे आमच्याकडे समजावून सांगणं महाकठीण. मी कॉलेजात असताना लग्नाच्या वरातीत बेंजो पार्टीत वाजवायचो. टेम्पोवर भोंगे बांधलेले, आवाज इतका चढवलेला की बेंजो वाजायचा नाही, फाटायचा. नवरदेवाचं घोडं बिथरायचं आणि म्हातारी माणसं कानांत बोटं घालायची. मला गाण्यापेक्षा तो फाटलेला आवाजच आवडायचा. मग एकदा वर्गातल्या एकाने मोबाइलवर परदेशातलं काहीतरी ऐकवलं आणि मी उडालोच. म्हटलं, अरे, हा तर आपलाच टेम्पो!

पुण्याला गेलो, जुनी काळी गिटार घेतली, बँड जमवला. ड्रमवाला गॅरेजात कामाला, गाणारा एका कंपनीत दिवसभर गुळगुळीत दाढी करून बसणारा, मी दिवसा पार्सलं पोचवायचो. संध्याकाळी तिघेही काळे टी-शर्ट घालून मान मोडेपर्यंत हलवायचो. नऊ वर्षं असं केलं. आमच्या गाण्यांत देव, सरकार, बाप, कोणालाही सोडलेलं नव्हतं. रूढींच्या बेड्या तोडा, अशा अर्थाचं एक गाणं तर मीच लिहिलं होतं. ते सुरू झालं की समोरची पोरंपोरी मुठी वर करून ओरडायची, आणि मला वाटायचं, काय माणूस आहे मी!

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, डिंभ्याच्या धरणाच्याही वर. भात, नाचणी आणि एक सव्वानऊची एसटी. मोबाइलला रेंज हवी तर टेकडी चढायची. दरवर्षी चैत्रात देवळात सप्ताह बसतो. सात दिवस, सात रात्री नाम थांबवायचं नाही आणि वीणा खाली ठेवायची नाही. तीन-तीन तासांचे पहारे लावतात. पुढचा माणूस आला की वीणा त्याच्या गळ्यात घालायची, एकमेकांच्या पाया पडायचं आणि मगच मोकळं व्हायचं. मधल्या काळात ती जमिनीला टेकता कामा नये. हे सगळं मला लहानपणी आत्याने शिकवलं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, लग्नानंतर दोन वर्षांत माघारी आलेली. गावात तिच्याएवढे अभंग कोणाला पाठ नाहीत. चपला लांब काढ, कांदा खाऊ नको, सप्त्यात खोटं बोलू नको, असं सगळं तिचंच.

त्या वर्षी पहाऱ्याच्या यादीत भोकंच भोकं होती. तरणी माणसं चाकणला कंपन्यांत, म्हातारे गुडघे धरून बसलेले. मी दोन दिवसांसाठी आलो होतो, तर यादी करणारे आजोबा म्हणाले, "आवो, ह्ये पोरगं पुण्यात तारेचंच वाजावतंय की! लावा ह्याचं नाव." मी म्हटलं, अहो, ते वेगळं. "येगळं काय त्यात? तार ती तार," ते म्हणाले आणि लिहूनही टाकलं.

आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी तीनला पुण्यात आमचा कार्यक्रम होता. साधासुधा नव्हे. बाहेर देशातली माणसं यायची होती, आठ बँड ऐकून एकाला तिकडे वाजवायला घेऊन जाणार होती. नऊ वर्षं आम्ही त्याच एका दिवसासाठी घासली होती. वडिलांना, म्हणजे दादांना, मी हे सांगितलं. दादा माझ्या वाजवण्याबद्दल कधी चांगलं-वाईट बोलले नव्हते. मी ते वाईटातच धरलं होतं. ते म्हणाले, "सकाळी सहा ते नऊ उभा ऱ्हा. सव्वानऊची गाडी गाठ. गावाला न्हाई म्हनू नको."

सकाळी पावणेनऊला दादा देवळाच्या दारात आले. धुतलेला पायजमा, नवी टोपी, खांद्यावर माझी गिटारची बॅग. तिथूनच म्हणाले, "मी म्होरं जाऊन शीट धरतो. नऊचा पहारा माझा व्हता, त्यो तुझ्या चुलत्याला दिलाय. त्यो आला की पळत ये." दादांनी पहारा दुसऱ्याला का दिला, टोपी नवी का घातली, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. मी मान हलवली आणि नाम चालू ठेवलं.

नऊ वाजले. चुलता नाही. सव्वानऊला खालून एसटीचा हॉर्न ऐकू आला, एकदा, दोनदा, मग लांबलचक.  देवळात दोनच माणसं होती. एक दृष्टी गेलेले म्हातारे टाळकरी, त्यांचे हात थरथरतात, त्यांना वीणा पेलत नाही. आणि दुसरी, खांबाला टेकून पोथी वाचणारी आत्या.

आत्या उठली. पदर खोचला, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन दोन्ही हात पुढे केले. "आण हिकडं. गाडी जाईल तुजी."

आमच्या गावात बाईच्या हातात वीणा देत नाहीत. का देत नाहीत, ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. मी तिच्या हातांकडे बघत राहिलो. नाचणीच्या भाकऱ्या थापून रुंद झालेले हात, स्वच्छ धुतलेले, पाणी गळत होतं. आणि मी काय बोललो? मी, बेड्या तोडा म्हणून नऊ वर्षं बोंबलणारा माणूस? मी म्हणालो, "आत्या, नको. लोक काय म्हणतील?"

 तिने हात पदराला पुसले, म्हणाली, "मग ऱ्हा उभा," आणि पुन्हा खांबापाशी जाऊन बसली. गाडी घाटाला लागल्याचा आवाज मी नामाच्या आडून ऐकला.

पुढचे तास कसे गेले ते मला अजून उलगडलेलं नाही. पहिल्यांदा चुलत्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या, मुखाने नाम चालू. मग दादांचा राग आला. मला वाटलं, म्हाताऱ्याने मुद्दाम केलं हे! पोराला अडकवायचा बरा डाव. दहाच्या पुढे मात्र राग दमला. एकच सूर, एकच तार. माझं बोट आपोआप पळायला लागलं, अगदी आमच्या गाण्यात पळतं तसं, आणि त्या टाळकरी बाबांनी टाळ त्या वेगाला नेऊन भिडवले. आम्ही दोघं घामाघूम होईपर्यंत वाजवत होतो. मला चक्क मजा आली, राव! आयुष्याचं वाटोळं होत असताना माणसाला मजा कशी येते? आत्या मात्र पोथीतून मान वर करत नव्हती.

साडेबाराला चुलता आला. कीर्तनकार बुवांना आणायला घोडेगावला गेला होता, वाटेत मोटरसायकलची चेन तुटली. त्याच्या गळ्यात वीणा घातली, पाया पडलो आणि टेकडीवर धावत जाऊन फोन लावला.

गाणारा ओरडलाच, "तुझे वडील आलेत, गिटार आलीय, तू कुठं आहेस?"

दादांनी कंडक्टरला पाच मिनिटं थोपवून धरलं होतं. मी आलो नाही, तेव्हा चुलता मला मोटरसायकलवर घोडेगावला आणून सोडेल असं धरून ते पुढे गेले. तिथे दहा-पंधरा मिनिटं थांबले. मग विचार केला की, निदान वाद्य तरी वेळेवर पोचावं. बॅगेवर गाणाऱ्याचा नंबर लिहिलेला होताच. तीनला माझी गिटार दुसऱ्या बँडच्या एकाने वाजवली. त्याला आमची गाणी येत होती. बाहेरच्या लोकांनी आमचाच बँड निवडला, म्हणजे त्यांचा. ते जाऊन आले, अजून जातात. मित्र वाईट नाहीत, मला परत बोलावलं होतं. मी दोनदा सरावाला गेलो. ते बेड्यांचं गाणं सुरू झालं की माझा हात अडायचा. ड्रमवाला म्हणायचा, "अरे, काय झालंय तुला?" काय सांगणार, कप्पाळ! तिसऱ्यांदा गेलो नाही.

आता वाटतं, मी गेलो नाही ते नेमकं कशाने? श्रद्धा म्हणावी तर माझ्या गळ्यात माळसुद्धा नाही. लोकांना भ्यालो म्हणावं तर देवळात लोक होते कुठे? की त्या आठ बँडांत हरायला भ्यालो आणि वीणेआड लपलो? वर्गात गिटार जुळवताना हे डोक्यात फिरायला लागतं आणि मी पोरांवर उगाच खेकसतो.

पण मला छळतं ते वेगळंच. दादा दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले, खांद्यावर गिटार. देवळापुढे पंगत बसली होती. ते माझ्या शेजारी बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागले, "लई दणका, बाबा! छातीत नुसतं धडाडधूम. पोरं मुंड्या हालवत्यात. मी म्होरंच उभा व्हतो. त्या पोरानं बरं वाजावलं, पर मला तुजं ऐकायचं व्हतं. त्याच्यासाठी तर पहारा दिला व्हता तुज्या चुलत्याला."

 मग ते हळू म्हणाले, "चुलता आला न्हाई तर आक्काकडं द्यायची व्हती. ती असती की देवळात सकाळची. मी मागं दोनदा दिलीया तिच्याकडं. कोन काय बोललं न्हाई."

मागे आत्या आमटीची बादली घेऊन वाढत येत होती. मी तिला येताना बघितलं होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "आत्या नव्हती तिथं."

आत्या माझ्या पानाशी थांबली. भाताला आळं करून त्यात आमटी ओतली, नेहमीसारखी दोन पळ्या. मग दादांकडे बघून म्हणाली, "न्हवते मी. चुलीपाशी व्हते." आणि पुढच्या पानावर वाढायला गेली.