पाथरीचा पत्रकवाला

पाथरीच्या स्टँडवर तो रोज पत्रकं वाटायचा: ‘मटण सोडा, हे पत्रक हजार जणांना वाटा, संकट टळेल.’ ते वाचून अर्ध्या तालुक्यानं माळ घातली, कोंबड्या म्हातारपणानं मरू लागल्या आणि आमच्या घरी रविवारीसुद्धा वरणच शिजू लागलं. मला त्या माणसाचा दाट संशय. पत्रक देताना अंगठ्याला थुंकी लावायचा अन् नजर चुकवायचा.

शेवटी गाठलाच. “मामा, खरं सांगा, तुमी सोडलं का मटण?”

“म्या कशाला सोडू? माझं बोकड लय आजारी हाय, मालक. हजार वाटले की बरं होतंय म्हणले. मंग खाटकाला द्यायचंय.”

मी त्याच्या हातातली निम्मी पत्रकं ओढली आणि परभणीच्या गाडीत वाटत सुटलो.