दोघींच्या हातची चटई

समजा, तुम्हाला चटई विणायची आहे. केवड्याची पानं उकळून, वाळवून, शिंपल्याने घासून मऊ केलीत आणि मांडी घालून बसलात. आता सांगा, ही चटई आनंदाची की मयताची? बोटं दोन्हीकडे सारखीच चालतात. फरक मनात असतो, आणि मन कधी कधी साफ चुकतं.

आमच्या कदावू बेटावरच्या उनाइसीने चटई विणायला घेतली ती मुलाच्या, कालिओवाच्या, घरी येण्यासाठी. पलटण मलायाच्या लढाईतून परतणार होती. चटई अर्धी झाली आणि सरकारी निरोप्या होडीतून उतरला.

"म्हाताऱ्या कालिओवाचा नातू पडला. त्याच्या आईला सांगा," एवढंच त्याला पढवून धाडलं होतं.

म्हाताऱ्याचे नातू दोन, दोघांनाही आजोबांचंच नाव. एक उनाइसीचा, दुसरा तिच्या जावेचा, खाडीपलीकडच्या तोरिकाचा. आमच्याकडे एका नावाची माणसं एकच धरतात. दोन्ही पोरांना दोन्ही घरी आई होती. निरोप्याने आमच्या किनाऱ्यावर विचारलं, "कालिओवाची आई कुठं राहते?" लोकांनी उनाइसीचं घर दाखवलं. खोटं कुणीच बोललं नाही.

उनाइसीने केस कापले. तोरिका आली ती राहिलीच. रात्रंदिवस जावेला धरून बसली आणि उरलेली अर्धी चटई तिनेच विणली, सुतकासाठी.

पलटणीची बोट यायची होती त्या सकाळी तोरिकाने आपल्या घरी जाऊन लेकासाठी डुक्कर आणि अळकुड्या जमिनीतल्या भट्टीत पुरल्या, फुलांचा हार ओवला आणि ती जावेकडे परत आली.

"तू धक्क्यावर येऊ नकोस गं. सोसायचं नाही तुला," ती म्हणाली.

"गप बस. तुझा तोच माझा," उनाइसी म्हणाली आणि तिचा हात धरून निघाली.

बोट लागली. पोरं एकेक उतरू लागली. बायका हाका मारत होत्या. "अरे, हा काय वाळलाय! तिकडे माकडं तरी खाऊ घालायची होती कुणी!" हशा पिकला.

मग खांद्यावर थैली टाकून, एक पाय ओढत जो उतरला, त्याला पाहून हशा जागीच गोठला. कुणाच्या तरी हातून पपया पडल्या.

उनाइसीचा कालिओवा!

उनाइसीच्या तोंडून एकदम हसू फुटलं. मोठ्याने, खळखळून. तिचं तिलाच कळलं नाही.

"आई, केस का कापलेस?" त्याने विचारलं. मग त्याला तोरिका दिसली. हार घेऊन ती त्याच्या मागे, बोटीवरून उतरायच्या रिकाम्या फळीकडे बघत होती.

"आणि आमचा कुठाय? झोपलाय की काय आत? पहिल्यापासून आळशीच तो," ती म्हणाली.

कालिओवाने थैली खाली ठेवली. "धाकटी आई... तुला सांगितलं नाही कुणी? माझ्या शेजारीच पडला तो. शेवटच्या महिन्यात."

तोरिका रडली नाही. हातातल्या हाराचं काय करायचं ते तिला सुचेना. शेवटी तिने तो कालिओवाच्या गळ्यात घातला आणि एकटीच होडीकडे चालू लागली.

दुपारी तिच्या भट्टीतलं डुक्कर निघालं. स्वागताचं जेवण सुतकाचं झालं. मयताच्या घरी मानाने द्यायचा देवमाशाचा दात दोन्ही हातांवर धरून कालिओवा तिच्या दारात बसला. पाठीमागे उनाइसी, काखेत तीच चटई. दुसरी विणायला वेळ कुठला? दिलेली वस्तू देणाऱ्याच्या दारी परत नेऊ नये, हे तिला ठाऊक होतं. पण रिकाम्या हाताने जाणार कशी?

तोरिकाने दात घेतला. चटई पसरली, मधल्या जोडावरून बोट फिरवलं.

"माझी बाजू बघ, किती घट्ट विणलीय," ती म्हणाली. "तुझी सैल पडलीय. पहिल्यापासून घाई तुला."

मग ती त्या घट्ट बाजूवर आडवी झाली आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

आता दोघी म्हाताऱ्या झाल्यात. एकत्र विणायला बसतात, एकमेकींच्या चुका काढतात. धक्क्याचं नाव तोरिकाने पुन्हा काढलं नाही. उनाइसी मात्र पान ओढता ओढता मधेच थांबते, जावेकडे बघते, आणि ओठांवर आलेलं तसंच गिळते. तिला एवढंच विचारायचं असतं: मी हसले, ते तू ऐकलंस का गं?